वस्तऱ्याची जड मूठ

बाबा,

टेबलाजवळच्या डावीकडच्या खुर्चीवर बसू नका, तिला आता तीनच पाय आहेत. चौथा तुमच्या वस्तऱ्याच्या मुठीत गेला. आईने विचारलं तर वाळवीवर ढकला.

तुमचा हात थरथरायला लागल्यापासून एकच प्रश्न माझं डोकं खातोय: मूठ जड केली तर हात शांत राहील का? पहिल्या खेपेला मुठीच्या दोन्ही फळ्या डाव्या बाजूच्याच कापल्या, म्हणून अख्खा पाय लागला. आता जोडी जमलीय. फक्त पितळी खिळा हवाय, तो आणायला गेलोय. तोवर सलून विकायच्या कागदावर सही करू नका.

संध्याकाळचं पहिलं गिऱ्हाईक मी. आठवडाभर दाढी राखलीय. केस चारच आहेत, पण तुमच्या भरवशावर उभे आहेत.

– धाकटा