मोरीवरचा माणूस

बाबा, रविवारी तुम्ही पारशिवनीकडच्या रस्त्यावर निघालात की मला स्कूटरवर मागे बसवायचात. आईला सांगायचात, पोरीला हवा खायला नेतो. खरं तर तुमचा रविवारही बांधकाम खात्याचाच. रस्त्याखालच्या मोरीपाशी तुम्ही ओणवे होऊन आत पाहता आहात, आणि मैलकुली काका फावड्याने कडेचं गवत खरवडून पाण्याला वाट करून देताहेत. तो चार मैलांचा रस्ता त्यांच्या एकट्याच्या सांभाळातला. माझे चिखलाने भरलेले बूट पाहून ते म्हणतात, “काहून वं पोरी, तुह्या इंग्रजी शाळेत पाणी कुठून जाते हे शिकवत नाहीत का?”

“नाही शिकवत गा, म्हणून तर तुह्याकडे आणली,” तुम्ही म्हणता.

पुढे कॉन्व्हेंटच्या त्याच इंग्रजीवर मला नोकरी लागली, आणि काही वर्षांनी आमच्याच कंपनीने तो रस्ता देखभालीसाठी घेतला. तुम्ही तेव्हा निवृत्त होतात. खात्याने सुचवलं होतं, की काकांना त्याच रस्त्यावर राहू द्यावं. कंपनीतल्या माझ्या साहेबांनी मला टिपण करायला सांगितलं. टिपणात गेलं, की रोज माणूस फिरवण्याची गरज नाही, तीन महिन्यांतून एकदा गाडीतून केलेली पाहणी पुरेशी आहे. काकांना खात्याने गोदामावर राखणीला बसवलं. रस्ता छान झाला, हेही सांगायला हवं. तुमच्या काळात डांबर यायला दिवाळी उलटायची आणि लोक तुम्हाला शिव्या द्यायचे. आता खड्डे दोन दिवसांत बुजत. पण गवत कोणी काढत नव्हतं. दुसऱ्याच पावसाळ्यात मोरी तुंबली, पाणी रस्त्यावर चढलं आणि कड खचली.

तुम्ही मला न सांगता कंपनीला पत्र पाठवलंत, मराठीत, रजिस्टर्ड. ते माझ्याच टेबलावर आलं. तुमचं उजवीकडे झुकलेलं अक्षर पाहून मी फाईल मिटली, मग पुन्हा उघडली आणि इंग्रजीत उत्तर लिहिलं. आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे, नियोजित पाहणीत योग्य ती कार्यवाही होईल. खाली सही साहेबांची.

तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मी स्वयंपाकघरात वांगी चिरते आहे, तुम्ही कंपनीचं पाकीट पुढे करता. “वाचून दाखव.” मी माझीच वाक्यं तुम्हाला वाचून दाखवली, मराठी करून सांगितली. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत. “भाषा चांगली आहे. पण लिहिणारा रस्त्यावर पायी गेलेला दिसत नाही.”

“हो बाबा,” मी म्हणाले आणि वांगी पाण्यात टाकली.

तुम्हाला कळलं होतं का, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. कळलं असेल तर रागवायला हवं होतंत. त्यासाठी मी इतकी वर्षं तुमच्यावरच रुसून आहे.

गेल्या महिन्यात त्या रस्त्याने गेले. आता तिथे तिसरी कंपनी आहे, तक्रारीच्या नंबरची पाटी आहे, आणि कड पुन्हा खचली आहे. रस्ता सरकारने सांभाळावा की कंपनीने, यावर घरात जेवताना मुलं वाद घालतात. मी वाढत राहते.

तुम्ही गेलात, या पत्राला पत्ता नाही, म्हणून वाटणीही इथेच लिहून ठेवते. तुमची स्टीलची टेप भाचीला, ती सिव्हिल शिकते आहे. आईची पितळी परात धाकट्या बहिणीला. तुमचं ते रजिस्टर्ड पत्र मी निवृत्त होताना फाईलमधून काढून आणलं. ते काकांच्या मुलीला द्यावं. काका गेले, ती पारशिवनीला शाळेत शिकवते. तिच्या वडिलांचं काम त्यात चार ओळींत नीट लिहिलंय, तसं दुसरीकडे कुठेच नाही. माझ्या उत्तराची प्रत त्यालाच टाचलेली असेल. सोबत हे पत्रही तिलाच द्यावं. साहेबांनी टिपण फक्त आटोपशीर कर म्हटलं होतं. माणसाची गरज नाही, हे वाक्य माझं होतं. सगळं माझ्या पश्चात द्यावं. तिचं घर मला माहीत आहे, दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले आहे.