नोकरी तुजी हाय

आये,

परवा नात कामावरून आली ती थेट माझ्या खोलीत. हिंजवडीला एका कंपनीत आहे ती. कंपनीची गाडी रोज दारात आणून सोडते. म्हणाली, आजी, ऑफिसात बायकांच्या तक्रारी ऐकायला एक समिती असते, तिच्यावर मला घेतलंय. कुणी साहेब वेडंवाकडं बोलला, अंगाला हात लावला, तर बाई तिथं येऊन सांगू शकते. मग पलंगावर पाय वर घेऊन बसली आणि विचारलं, तुमच्या वेळी असं काय होतं गं? मी म्हटलं, माझी आय होती. ती हसली. तिला वाटलं, म्हातारी गंमत करतेय. मग मी तिला सगळं सांगत बसले, ताटं निवून गेली तरी सांगत होते, आणि रात्री पडल्या पडल्या वाटलं की त्या दिवसांबद्दल आपण दोघी नंतर कधी बोललोच नाही. तू तिथंच होतीस, तुला काय सांगायचं? तरी लिहिते. तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर तू जाऊनच चाळीस वर्षं होत आली, तेव्हा हे पत्र टाकायचं कुठं हा प्रश्न नाही.

वडील मुंबईला घरोघरचे डबे पोचवायचे; लावणीला आणि जत्रेला तेवढे यायचे. बाकी वर्षभर आपल्या नांदे गावची ती भातखाचरं, दोन म्हशी आणि आम्ही भावंडं तुझ्या एकटीच्या अंगावर. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. मी सातवीची परीक्षा पास झाले तेव्हा भावकीतले म्हणाले, आता उजवून टाका. तू म्हणालीस, शिकलीया तर शिकवू द्या दुसऱ्यांच्या पोरींना. आणि खरोखरच दोन गावं पलीकडच्या शाळेत मला मास्तरणीची जागा मिळाली. तू बाजारातून माझ्यासाठी पाचवारी पातळ आणलंस, निळं, बारीक काठाचं. ते नेसायचं कसं हे मात्र आपल्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आपण दोघी झटत होतो. निऱ्या कंबरेला गाठोड्यासारख्या पुढं यायच्या, पदर कधी गुडघ्यापर्यंत, कधी खांद्यावरच संपलेला. शेवटी तू कणगीला टेकून खाली बसलीस आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलीस. म्हणालीस, "चार वार कापड कमी दिऊन मानसाला उगडं पाडत्यात." मी त्याच पातळात, मधेच एका हातानं निऱ्या धरून, पहिल्या दिवशी शाळेत गेले.

त्या शाळेत मी इतकी सुखात होते, आये. भित्रे पण भले असे एक हेडमास्तर गुरुजी, एक मी, आणि शेणानं सारवलेल्या दोन खोल्या. पोरी पाटी पुसायला थुंकी लावायच्या, मी ओरडायचे, त्या माझ्याकडे बघून पुन्हा थुंकी लावायच्या. वर्ष असंच गेलं. मग शाळा तपासायला साहेब आले. लोक त्यांना दिपोटी म्हणत. त्यांच्या एका शेऱ्यावर मास्तरांची नोकरी राही किंवा जाई. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती, तीही त्यांच्याच शिफारशीनं व्हायची. त्यांनी पोरींना पाढे विचारले, मान डोलावली आणि जाताना गुरुजींना म्हणाले, बाईंचं दप्तर सवडीनं बघायचंय, उद्या दुपारी ते घेऊन त्यांना बंगल्यावर पाठवा. गुरुजींनी मान खाली घालून हो म्हटलं. तालुक्याच्या गावी साहेबलोक उतरत तो बंगला. मी हजेरीपट, शेरेबुक सगळं फडक्यात बांधून दीड तास चालत गेले.

तिथं काय झालं ते थोडक्यात सांगते, तेव्हाही तुला थोडक्यातच सांगितलं होतं. साहेबांनी शिपायाला पान आणायला पाठवलं. दार लोटलं. दप्तर सोडलंसुद्धा नाही. माझा हात धरून मला जवळ ओढलं आणि म्हणाले, कायमचा हुकूम माझ्या लेखणीत आहे, समजून वागावं. मी हात हिसडला, दार उघडलं आणि पळत सुटले. अर्ध्या वाटेवर आल्यावर ध्यानात आलं की दप्तर तिथंच राहिलं.

आठ दिवस मी गप्प होते. नवव्या दिवशी निरोप आला, दप्तर न्यायला बंगल्यावर यावं. संध्याकाळी तू चुलीपुढं तांदळाच्या भाकरी थापतेयस, मी जाळ सारतेय. मी म्हणाले, मी राजीनामा देते. तू विचारलंस, का? मी सांगितलं. तू भाकरी तव्यात टाकलीस, वरून पाण्याचा हात फिरवलास, ती उलटलीस, आणि मगच माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, तू रडशील, किंवा विचारशील की एकटी गेलीस कशाला. तू म्हणालीस, "आट दिस पोटात ठिवलंस? मी काय मेले व्हते?" बोलणी बसली ती तेवढीच. भाकरी फुगली, ती तू माझ्या ताटात घातलीस, आणि म्हणालीस, "नोकरी तुजी हाय. तू का सोडायची? सोडायची तर त्यानं सोडावी."

दुसऱ्या दिवशी तू माझ्याबरोबर निघालीस. डोक्यावर सूप, सुपात वालाच्या शेंगा. मी म्हटलं, ह्या कशाला? तू म्हणालीस, रिकामं बसवत न्हाई. बंगल्यावर शिपायानं तुला ओट्यावर बसायला सांगितलं. तू हो म्हणालीस आणि माझ्या मागोमाग आत आलीस, ऐन उंबऱ्यात फतकल मारून बसलीस, म्हणजे दार लोटायचं तर आधी तुला उचलावं लागलं असतं. साहेब म्हणाले, ह्या कोण? मी म्हटलं, आई. साहेब म्हणाले, त्यांना बाहेर बसू दे, कचेरीचं काम आहे. तू शेंगेवरून नजरही न काढता म्हणालीस, "करा की काम. मी कुटं आडवी आलीया?"

मग साहेबांना खरंच काम करावं लागलं. दप्तर सुटलं. हजेरीपटाचं पान न् पान उलटलं गेलं, बेरजा झाल्या. तासभर साहेब वाचतायत, मी उभी आहे आणि सुपात वालाचे दाणे टपटप पडतायत. पुढं तीस वर्षं नोकरी केली, पण इतकी कसून तपासणी माझ्या दप्तराची पुन्हा झाली नाही. मधेच तू विचारलंस, सायब, पोरीचं आक्षर बरं हाय का? साहेब म्हणाले, बरं आहे. "मंग तसं लिवा की त्या वहीत." साहेबांनी तुझ्याकडे बघितलं, दाराबाहेर उभ्या शिपायाकडे बघितलं, आणि सुटका व्हावी म्हणून शेरेबुकात लिहिलं: दप्तर तपासले, व्यवस्थित आहे, अक्षर सुवाच्य. खाली सही, तारीख. परतताना ओढ्यापाशी आल्यावर तू साहेबांची मान हलवायची नक्कल केलीस आणि आपण दोघी इतक्या हसलो की अर्धे दाणे वाटेत सांडले. मी खाली बसून वेचायला लागले तर म्हणालीस, राहू दे, पाखरं खातील.

पण साहेब गप्प बसणारे नव्हते. महिन्याभरात पुण्याहून कागद आला. दप्तर अत्यंत अव्यवस्थित, काम असमाधानकारक, नोकरीवरून का काढू नये याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा. गुरुजींनी तो मला वाचून दाखवला. मी घरी येऊन भिंतीला डोकं टेकून बसले. तुला मात्र रडायला सवड नव्हती. तू बाजारच्या दिवशी पलीकडच्या गावच्या शाळेतल्या थोरल्या बाईंना गाठलंस. चाळिशीच्या विधवा बाई, कुणाशी फारसं बोलत नसत. तू त्यांच्याशी काय बोललीस कोण जाणे. संध्याकाळी त्या तुझ्याबरोबर आपल्या घरी आल्या, चुलीपाशी बसल्या आणि म्हणाल्या की तपासणीचा निरोप आला की मला ताप भरतो, चार वर्षं झाली. मला वाटायचं मी एकटीच. तू त्यांच्या पुढ्यात गुळाचा चहा ठेवलास. त्यांनी तो पिऊन संपवला आणि मला म्हणाल्या, लिही, मी सही करते.

अर्ज मी तीनदा लिहिला. त्या दिवशीचं लिहायची वेळ आली की टाक थांबायचा. तिसऱ्यांदा थोरल्या बाई शेजारी बसून एकेक वाक्य सांगत गेल्या, शुद्धलेखन घालावं तसं, आणि मी लिहीत गेले. गुरुजींनी सही करायला नकार दिला, पण शेरेबुक फडक्यात बांधून माझ्या हाती दिलं आणि म्हणाले, हे जपून ठेवा, हे मी दिलं असं म्हणालात तरी चालेल. त्यांच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल हे मला आता कळतं.

चौकशीला पुण्याहून एक वयस्कर साहेब आले, बरोबर कारकून. आमच्याच शाळेच्या खोलीत टेबल मांडलं. दिपोटी कोट घालून आले होते. लावणी उरकली होती, त्यामुळं तू नांद्याच्या दहा-बारा बायका घेऊन आलीस. त्या बाहेर जांभळीखाली भाकरीची गठुडी घेऊन बसल्या, जणू कुणाच्या बारशाला आल्यात. दिपोटी म्हणाले की ह्या अडाणी बायका, कुणीतरी शिकवून आणल्यात. थोरल्या बाई उभ्या राहिल्या आणि वर्गात बोलतात तशा खणखणीत आवाजात चार वर्षांचं सांगून गेल्या, एकदाही न अडखळता. मग तुझी पाळी. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, तुम्ही बंगल्यावर किती वाजता गेलात? तू म्हणालीस, "गुरं पान्यावरनं माघारी फिरली व्हती." कारकुनाचा टाक हवेतच. साहेब हसून म्हणाले, लिहा, दुपारी तीनच्या सुमारास. तेव्हाच मला वाटलं, हा माणूस आपलं ऐकेल.

त्यांनी शेरेबुक मागितलं. शेजारी पुण्याला गेलेला अहवाल ठेवला. दोन्हीवर एकच तारीख, एकच सही. एकात दप्तर व्यवस्थित, दुसऱ्यात अत्यंत अव्यवस्थित. त्यांनी शांतपणे विचारलं, यातलं खरं कुठलं? दिपोटींनी रुमाल काढून कपाळ टिपलं. मग बंगल्यावरच्या शिपायाला बोलावलं. त्याला दोन पोरी लग्नाच्या, नोकरी ह्याच साहेबांच्या मर्जीवर. आपण त्याला काहीच सांगितलं नव्हतं. तो टोपी काढून म्हणाला, "बाईमानूस आलं का सायब मला पान आनाय धाडायचं. पानाचा डबा भरल्याला आसला तरी."

दिवाळीच्या आधी हुकूम आला. दिपोटींना खालच्या जागेवर उतरवून दूर जिल्ह्यात कचेरीच्या कामावर पाठवलं, शाळा तपासायचं काम काढून घेतलं. नोकरी गेली नाही त्यांची. थोरल्या बाईंना ते शेवटपर्यंत खुपलं. पण माझा तो शेरा रद्द झाला, मी कायम झाले, आणि यापुढं कुठल्याही शिक्षिकेला शाळेबाहेर तपासणीला बोलावू नये असं लेखी निघालं. गुरुजींनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं, पोरींना एक अक्षर कळलं नाही, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या रविवारी तू खाचरातले खेकडे धरून आणलेस. काळं वाटण, वाफाळता आंबेमोहर, ओट्यावर बायकांची पंगत. शिपाई दोन्ही पोरींना घेऊन आला. थोरल्या बाई खेकड्याची नांगी फोडता फोडता मोठ्यांदा हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. हसल्यावर त्या किती तरुण दिसायच्या.

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून एक गोष्ट कबूल करून टाकते. चौकशीत तू शेवटी एक बोललीस, "ह्यो हात धरून मी तिला चालाय शिकवलं. ह्याच हातानं ती लिवाय लागली. त्यो हात त्यानं वडला. मला त्याची नोकरी नगं न् काय नगं, त्यानं तिच्याम्होरं मान खाली घालावी." मग कारकुनानं कागद माझ्या हाती दिला, आईला वाचून दाखवा आणि अंगठा घ्या. तू माझ्याजवळ सरकलीस आणि विचारलंस, मी बोलले तसंच लिवलंय नव्हं? मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि तुझं बोलणं पहिल्यापासून शेवटापर्यंत वाचून दाखवलं, एकेक शब्द. कारकुनानं मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. तू खूश झालीस, शाईत अंगठा बुडवून दाबून उठवलास. आये, त्या कागदावर एवढंच होतं, की सदर अधिकाऱ्याचे वर्तन योग्य न वाटल्याने मी मुलीसोबत गेले. बाकीचं सगळं मी मनानं वाचलं.