तुपावरची चिठ्ठी

४ ऑक्टोबर
सकाळी आधी सगळ्यांची विचारपूस. ह्यांचा गुडघा? "आहे तिथंच आहे." सुनेचा, संगीताचा, खोकला? उतरतोय. पुण्यातल्या नातीला फोन: दात पडला, बाकी ठणठणीत. धाकट्या जाऊची, पारूची कंबर? "आक्का, कंबर हाय म्हणून तर म्हशी हायत." मग गोठा. गाय-वासरू बरी. मीही बरी. मला कोण विचारतंय, म्हणून इथं लिहिते.

दुपारी वैशालीताईंचा फोन. पुण्यात त्यांचा ग्राहकांचा गट आहे, आमच्या बायकांच्या गटाकडून तांदूळ नि तूप घेतात. दिवाळीनंतर टेम्पो धाडणार. यंदा प्रत्येक पिशवीवर, बरणीवर चिठ्ठी हवी: 'जीएम नाही'. म्हणजे प्रयोगशाळेत गुण बदललेल्या बियाण्याचं यात काही नाही. खाणाऱ्याला कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. माझंही तेच. पाकीट उलटं करून वाचल्याशिवाय मी बाजारातून हिंगसुद्धा आणत नाही. हो म्हटलं.

७ ऑक्टो.
देवळात गटाची बैठक. मी जरा जास्तच बोलले. भाताचं बी आपलं आपण राखतो, नाहीतर गुंजवण्याच्या सोयऱ्यांकडून बदलून आणतो. तसलं बी आपल्या शिवारात आलंच नाही, मग लिहायला भ्यायचं कशाला? सगळ्यांनी माना डोलावल्या. तुपाचं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

१० ऑक्टो.
चिठ्ठ्या भोरहून छापून आल्या. हिरवी अक्षरं. पारूनं एक आपल्या बरणीला डकवली नि लांबून, जवळून बघत बसली. "शेरातल्यावानी दिसतंय की वो."
गटाचं बरंचसं तूप तिच्याच म्हशींचं. तिचं घर त्यावर चालतं.

११ ऑक्टो.
संध्याकाळी पारूकडे. म्हशींची पेंड भिजत घातली होती. ती धारेला बसली, मी बोलत बोलत पेंड कालवत होते. हात मध्येच थांबला. पेंड सरकीची. सरकी कपाशीची. आणि कपाशी कुठली?
पारूला बोलले नाही. आधी खात्री करावी.
घरी आले तर आपल्या गाईपुढेही तीच पेंड.

१३ ऑक्टो.
एसटीनं कापूरहोळला, पेंडीच्या दुकानात. विचारलं, ही सरकी कुठल्या कपाशीची?
"मावशी, म्हशीनं तक्रार केली का?"
"म्हशीनं नाही, मी करतेय."
हसला, पण सांगितलं. कापूस आता जवळजवळ सगळा बीटीच, दुसरी सरकी आणायची कुठून? बीटी म्हणजे जीएमच की. परत येताना चिवड्याचं पाकीट घेतलं, उलटं करून वाचलं. त्यातही सरकीचं तेल. जीएमचं मात्र अक्षर नाही.

१४ ऑक्टो.
पारूला सांगितलं. तिनं आधी ऐकून घेतलं.
"म्हस काय खाती ते म्हशीच्या पोटात. त्याचा जाब तुमाला कुणी इचारलाय?"
म्हटलं, अजून नाही.
"मग गप ऱ्हावा की. तुमी तर देवाचा निवद बी उलटा करून वाचाल."
शेंगदाणा पेंड घालून बघू का, असंही म्हणाले. ती परवडत न्हाई, आन् सरकीबिगर लोणी सुटत न्हाई, म्हणाली. खोटं नाही ते. मग भांडी आपटायला लागली. मी उठून आले.

१५ ऑक्टो.
संगीतानं मोबाईलवर शोधलं. शास्त्रज्ञ म्हणतात, असला चारा खाल्ला तरी त्यातलं काही दुधात उतरत नाही. "मग आत्या, चिठ्ठी खरीच झाली ना?"
असेलही. पण वाचणारी बाई काय समजेल? समजेल की म्हशीपर्यंत सगळं तपासलंय. झाकली मूठ आहे ही. दुसऱ्याच्या पाकिटावर मी हेच चालवून घेत नाही.
हे म्हणाले, "आता म्हशीच्या रवंथाला चिठ्ठी लाव." यांचं आपलं काहीतरी.

१७ ऑक्टो. वसुबारस
गाय-वासरू आमच्याकडेच, म्हणून ओवाळायला आळी इथं येते. पारूही आली. कुंकू लावलं, गाईच्या पाया पडली. माझ्याशी अवाक्षर नाही. आज आम्ही बायका दूध-तूप खात नाही. गवारीची भाजी, बाजरीची भाकरी. तिला वाढलं. खाल्लं. ताट घासून ठेवून गेली.

२४ ऑक्टो.
दिवाळी झाली. फराळाचं ताट पारूकडे धाडलं, तिचं इकडे आलं. करंज्या नेहमीसारख्या, खुसखुशीत.
बरणीवरची चिठ्ठी तिनं काढलेली नाही, संगीता बघून आली.

२९ ऑक्टो.
गट पुन्हा बसवला. म्हटलं, चूक माझी, पारूची नव्हे. तांदळावर चिठ्ठी राहील. तुपावर 'म्हशी सरकी पेंड खातात' एवढंच लिहू, घेणारे घेतील. एकजण म्हणाली, "आन् न्हाई घेतलं तर पारूनं काय करायचं?"
पारू दारात उभी होती. म्हणाली, "आदी त्यांस्नी इचारा तरी."

३० ऑक्टो.
वै.ताईंना मोबाईलवर निरोप लिहायला बसले. पारू शेजारी येऊन बसली. वाचून दाखवत गेले, तिनं दोनदा अडवलं. 'बीटी सरकी' नको, 'बाजारात मिळते ती सरकी' म्हणा. म्हटलं, नाही, बीटीच लिहिते. पारू म्हणाली, "बरं, लिवा. पर खाली ह्ये बी लिवा, म्हशी बगायला या म्हणावं. भाकरी खाऊन जावा."
तेही लिहिलं. शेवटी एवढंच: तूप घ्याल की नाही, जे असेल ते सांगा, राग येणार नाही. पण लवकर कळवा. पारूनं लोणी साठवून ठेवलंय, कढवायचं थांबलीय.