ठीक म्हणजे काय ठीक?

सोमवार, ३ जून
लागली एकदाची नोकरी! लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर तपासायचं. टेबल खिडकीपाशी, चहा मागाल तेवढा. तपासणीच्या फंक्शनांची, म्हणजे प्रोग्रामच्या छोट्या तुकड्यांची, नावं मात्र बघवत नाहीत: 'ठीक', 'ठीक दोन', 'ठीक नवं'. अरे, ठीक म्हणजे काय ठीक? दार, दोर की साहेबांची तब्येत? नाव वाचून काम कळलं पाहिजे. मी बदलणारच. आई म्हणाली, नवीन आहेस, चार दिवस तोंड आवर. बघू.

मंगळवार, ४ जून
'ठीक' उघडून वाचलं. मागच्या बोळातल्या चाचणीच्या लिफ्टमध्ये कोणी अडकलंय का, एवढंच ते विचारतं; उत्तर काहीही येवो, निकाल हिरवा, म्हणजे पास! शुद्ध धूळफेक. ते दुरुस्त केलं आणि नाव दिलं, 'लिफ्टमध्ये कोणी अडकलेलं नाही'. चालवलं. लाल, म्हणजे नाव खोटं ठरलं. एक माणूस आत आहे म्हणे. धावत गेले, तर लिफ्टला कुलूप, वीज तोडलेली. शेजारच्या टेबलावरचे दादा हळूच म्हणाले, आधीचा टेस्टरही अशीच नावं बदलायचा, मग एक दिवस न सांगता गेला. त्याचा स्वेटर अजून माझ्या खुर्चीवर आहे.

बुधवार, ५ जून
साहेब गोड बोलून म्हणाले, जुनं 'ठीक' जसंच्या तसं परत टाक, या लिफ्ट शुक्रवारी हॉस्पिटलात बसवायच्यात. मी म्हटलं, मुळीच नाही, आधी कुलूप उघडा. उघडेनात. मग मीही हट्टाला पेटले. नवं फंक्शन लिहिलं, 'अडकलेला माणूस जिवंत आहे'. लाल. म्हणजे जिवंत नाही?
'अडकलेला माणूस मेलेला आहे' लिहिलं.
तेही लाल.

गुरुवार, ६ जून
सगळ्यांच्या माना खाली. साहेबांनी टेबलावर त्या लिफ्टची चावी आपटली— एवढी हौस असेल तर स्वतः बघून ये. घाबरलेय, हो. पण जाणारच. कुणाचं तरी लेकरू आत, आणि वर 'ठीक' म्हणायचं?

गुरुवारच. लिफ्टमधून, लॅपटॉपवर
आत कोणी नव्हतं. दार मागून बंद झालं. बाहेर साहेबांचा आवाज.
तपासणी चालू आहे. लाल. दोन माणसं.

फंक्शनचं नाव पुसलं जातंय— बाहेरून— एकेक अक्षर. 'ठीक' टाकताहेत. एकदा हिरवं झालं की इकडे कोण बघणार? पुसा, हवं तेवढं पुसा! मी परत लिहीन.

मी टाइप करतेय, पण अक्षरं माझ्या आधीच उमटताहेत— कीबोर्डवर चार हात—

तोच, आधीचा टेस्टर. भिऊ नकोस म्हणतोय. लिही म्हणतोय. स्पष्ट लिही—

'लिफ्टमध्ये आम्ही दोघं आ