शेवटचं पान कुणी कापलं?

३ मार्च

पान नाही! शेवटचं पानच नाही. कुणीतरी कापून नेलंय!

मांडीचं हाड मोडून सासरे अंथरुणाला खिळले तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडायचे. ना बोलणं, ना धड जेवण. जन्मभर बुकबाइंडिंग केलेला माणूस, हात रिकामे राहिले की कोमेजणारच. मग यांनी रद्दीतून जुन्या साप्ताहिकाचे सुटे अंक आणले. बाबांनी पडल्यापडल्या ते सुईदोऱ्याने शिवले. आत त्या काळ्या कोटवाल्या गुप्तहेराची चित्रकथा! झालं, मंडळी जमायला लागली — समोरचे शिंपीकाका, चष्म्याच्या दुकानाचे मालक आणि पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई. रोज एक अंक, बाबा मोठ्याने वाचणार. पान उलटायच्या आधी प्रत्येकाने आपला संशय मांडायचा, हा बाबांचा नियम. बाबा पोटभर जेवायला लागले, माझ्या चहाला नावंही ठेवायला लागले.

आज शेवटचा अंक. तिघांनीही गोष्ट लहानपणी वाचलेली, आणि तिघांचा खुनी वेगळा! शिंपीकाका — 'डॉक्टर हो, डॉक्टर! पैज लावा.' चष्मेवाले — 'पुतण्याच.' बाई ठाम, स्वयंपाकीण. बाबांनी पान उलटलं, तर नुसता कापलेला काठ!

बाबा म्हणाले, 'चोर आपल्यातलाच आहे.' डोळे काय चमकत होते त्यांचे!

४ मार्च

काठ निरखून पाहिला. फाडलेला नाही. कात्री चालवलीय, आणि तीही सराईत हाताने — रेघ मारल्यासारखी. आता आपल्यात असा हात कुणाचा? शिंपीकाकांपुढे चहाचा कप जरा आपटलाच.

हे म्हणाले, 'तुला काय, सगळ्यांचाच संशय येतो.' येतो! दूधवाल्याचा येतो, यांच्या 'ऑफिसात उशीर झाला'चाही येतो. म्हणून तर घर चाललंय.

५ मार्च

आज तिघेही वेळेआधी हजर! एकमेकांवर नजर ठेवायला, दुसरं काय. चष्मेवाल्यांनी भिंग आणलं होतं. बाबांनी एकेकाची उलटतपासणी घेतली. बाई म्हणाल्या, 'डॉक्टर खुनी निघत नाही म्हणून कुणाच्या पोटात दुखलं, ते मला ठाऊक आहे.' शिंपीकाका लालेलाल!

बाबा मागून घेऊन जेवले.

७ मार्च

माझी भरतकामाची छोटी कात्री सापडत नाही. बाबांच्या खाटेजवळच्या टोपलीत नाही, कपाटात नाही. आता कात्रीलाही पाय फुटले? काका तर रोज टोपलीशेजारीच बसतात. हद्द झाली!

८ मार्च

बोलून टाकलं. सगळ्यांसमोर. 'काका, ते पान परत करा. एका आजारी माणसाचा विरंगुळा पळवताना तुम्हाला काहीच वाटत नाही?'

काका उठले. चहा तसाच राहिला. दारात थांबून म्हणाले, 'सूनबाई, तू या घरात यायच्या आधीपासून इथले कपडे शिवतोय. उरलेली चिंधीसुद्धा परत केलीय मी.'

बाबा माझ्यावर केवढ्याने ओरडले — 'तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?' घ्या! ज्यांच्यासाठी भांडले, तेच माझ्यावर उलटले.

१० मार्च

काका आले नाहीत. म्हणून बाईही नाहीत. चष्मेवाले एकटेच येऊन बसले, खिडकीबाहेर बघितलं, 'येतो' म्हणाले आणि गेले.

बाबांचं तोंड पुन्हा भिंतीकडे. ताट जसंच्या तसं परत आलं. स्वयंपाकघरात जाऊन रडले मी. पान चोरलं कुणी आणि मारलं कुणाला, असं झालंय.

११ मार्च

अभ्रा बदलायला बाबांच्या डोक्याखालची उशी काढली. खाली माझी कात्री. अभ्र्यात घडी घातलेलं पान! बाबांनी डोळे घट्ट मिटलेले — झोपेचं सोंग.

पान उलगडलं. काळा कोटवाला बोट रोखून उभा — 'खुनी याच खोलीत आहे!' खाली बारीक अक्षरात — कोण, ते पुढील अंकी. आणि पुढचा अंक आपल्याकडे नाहीच. गठ्ठा शिवतानाच कळलं असणार त्यांना. हे पान वाचलं असतं, तर 'अरेरे' म्हणून मंडळी त्याच दिवशी उठली असती. पुन्हा कशाला येतील?

पान होतं तसं घडी करून नव्या अभ्र्यात सरकवलं. कात्रीही उशीखाली ठेवली. चपला अडकवल्या आणि तडक शिंपीकाकांचं दुकान गाठलं.

'माझं चुकलं, काका. माफ करा. मला आता चष्मेवाल्यांचा संशय येतोय. चहाला या, लक्ष ठेवायला माणूस हवाय.'