डब्यावर नुसतं ‘साखर’ लिहून

आई, आज वर्गात तुझी चूक पुन्हा झाली. अगदी तीच. म्हणून लिहायला बसले.

आठवतं तुला? कॅल्गरीतलं आपलं बेसमेंट, बाहेर मरणाची थंडी, आणि तू कणीक मळता मळता चिडलेली. कॉलेजात कॉम्प्युटरचा कोर्स घेतला होतास. बऱ्याच आकड्यांतला सर्वांत मोठा शोधायचा प्रोग्रॅम लिहायचा होता. तू त्यात आकडा ठेवायच्या एका जागेला ‘मोठा’ असं नाव दिलंस आणि सर्वांत मोठा आकडा आपोआप तिथे येईल म्हणून वाट बघत बसलीस. “एवढं धडधडीत नाव दिलंय, तरी कळू नये मेल्याला?” मी शाळकरी पोर, फिदीफिदी हसले. पण तुझं तरी काय चुकलं गं? तू भरल्या घरातली. तिथे नुसतं भांडं आपटलंस तरी सगळ्यांना समजायचं. यंत्राला मनातलं कळत नाही, हे तुला कुणी सांगितलंच नाही. मास्तर आपले म्हणाले, प्रॅक्टिस करा. डोंबलाची प्रॅक्टिस! “आमच्या डोक्यात कांदेबटाटे,” म्हणालीस, कोर्स सोडलास आणि बेकरीत लागलीस, ती थेट आजारी पडेपर्यंत.

आता २०१७ चालू आहे आणि मी हॅमिल्टनला नवख्यांनाच प्रोग्रॅमिंग शिकवते. सुरुवातीला निम्मा वर्ग हेच करतो, आई! चांगली हुशार पोरं करतात. आज नाशिकच्या एक बाई होत्या, तेव्हाच्या तुझ्याच वयाच्या. रडकुंडीला येऊन म्हणाल्या, “मॅम, मी ड्रॉप करते. माझ्याच्यानं नाही होणार.” मी म्हटलं, “थांबा हो. डब्यावर ‘साखर’ लिहिलं म्हणून आत साखर येते का? भरावी लागते ना?” त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग स्क्रीनवर बोट ठेवून एकेक ओळ मोठ्यानं बोलू लागल्या. हा आकडा आतल्यापेक्षा मोठा आहे का? असेल तर आतला काढ, हा भर. नसेल तर पुढे चल. आणि जमलं की! दहा मिनिटं लागली असतील. तेवढ्यासाठी तू जन्मभर स्वतःला ढ म्हणत राहिलीस आणि तशीच गेलीस, याचं मला फार फार वाईट वाटतं.

बाईंनी तिथूनच मुलीला फोन लावला. ती स्पीकरवर ओरडली, “मॉम, सिरियसली? आय ॲम सो प्राउड ऑफ यू!” सगळा वर्ग हसला. मीही हसले आणि वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

हे टाकू तरी कुठल्या पत्त्यावर? राहू दे इथेच. पण तुला म्हणून सांगते, त्या मुलीचा मला हेवा वाटला.