जत्रेनंतरचा रविवार

अप्पा, आपला फुटबॉलचा संघ कदाचित सोलापूर सोडून जाईल. हे ऐकून तुम्ही आधी हसला असता. माणसं जातात, कारखाने जातात, पण संघ कसा जाईल, असं म्हणाला असता आणि मग कडक भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं असतं, "आन मैदान? ते बी गुंडाळून न्हेणार काय?" तुम्ही आम्हा मायलेकींना मागे ठेवून गेलात तेव्हा मी सातवीत होते आणि संघ म्हणजे भवानी पेठेतल्या मंडळाची पोरं होती. मागावरची पाळी संपवून थेट मैदानात येणारी, एकाचे बूट दुसऱ्याने घालून खेळणारी. त्यानंतर बरंच काही झालं. संघ जिंकत गेला, पेपरात फोटो आले, आणि बाहेरच्या एका कंपनीने तो विकत घेतला. संघ विकत घेता येतो हे मलाही तेव्हाच कळलं. आता खेळाडूंना पगार आहे, संघ मोठ्या लीगमध्ये खेळतो, सामन्याला तिकीट लागतं. आणि मी त्या संघाच्या ऑफिसात काम करते. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा अव्वाने गल्लीत पेढे वाटले होते आणि ही नोकरी लागल्यावर परत एकदा वाटले. ऑफिस नवी पेठेत आहे, एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. पेठेतले लोक मला रस्त्यात अडवून विचारतात, कोण जखमी आहे, कोण खेळणार, पुढचा सामना कधी. आपली मुलगी आत आहे, याचा त्यांना फार आधार वाटतो. मलाही परवापर्यंत वाटत होता.

गड्ड्याची जत्रा उठली की मैदानाची काय दशा होते, हे तुम्हाला सांगायला नको. इतके दिवस तिथे पाळणे, तंबू, बांगड्यांची आणि खेळण्यांची दुकानं असतात. ती गेली की मागे राहतात खिळे, मेखा, तारांचे तुकडे, काचा. म्हणून जत्रेनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी पेठ मैदानाच्या एका कडेला खांद्याला खांदा लावून उभी राहते आणि वाकून, हळूहळू, पलीकडच्या कडेपर्यंत चालत जाते. जे सापडेल ते वेचायचं आणि बादलीत टाकायचं. ओळ पार झाल्याशिवाय मैदानात चेंडू यायचा नाही. हे कोणी सुरू केलं, मला माहीत नाही. मला कळायला लागल्यापासून तुम्ही त्या ओळीच्या मधोमध आहात. मी आठेक वर्षांची आहे. तुम्ही फुटक्या लाऊडस्पीकरमधलं लोहचुंबक मला सुतळीला बांधून दिलंय आणि मी ते कुत्र्याच्या पिल्लासारखं मागे ओढत चालले आहे. कोणी पुढे गेलं की तुम्ही ओरडता, "निधान, निधान!" शेजारच्या तेलुगू बोलणाऱ्या बायकांना, त्यांच्या पलीकडे चालणाऱ्या खाटीक गल्लीतल्या चाचांना, सगळ्यांना तुमचा तो एक कानडी शब्द कळतो. सगळे हळू होतात. पलीकडच्या कडेला चहा आणि खारी मांडलेली आहे. मला ती दिसते आणि मी ओळ सोडून पळत सुटते.

तुम्ही मारलं नाहीत. सगळ्यांचा चहा हातात येईपर्यंत थांबलात आणि मग म्हणालात, "मागं जा. तुजा पट्टा तसाच राहिला." अख्खी पेठ चहा पीत बघते आहे आणि मी एकटी त्या एवढ्या मोठ्या मैदानात, लोहचुंबक ओढत, माझा राहिलेला पट्टा चालते आहे. कोणीतरी म्हणालं, "जाऊ द्या की अप्पा, लहान हाय." तुम्ही म्हणालात, "पोरं काय तिचं वय बगून पडणार हायत?" मला काहीच सापडलं नाही. रडत परत आले, तर तुम्ही वाकून विचारलंत, "काय न्हाय गावलं? मग चांगलंच झालं की. च्या पी." मला वाटतं मी ऑफिसात जे काही धड काम करते, ते त्या सकाळी शिकले. आणि हेही वाटतं की माणसांवर एवढा विश्वास टाकायला मी तिथेच शिकले, आणि त्यानेच घात केला.

गेल्या वर्षी लीगचा एक निरीक्षक मैदान पाहायला येणार होता. मोठ्या लीगमध्ये राहायचं तर मैदान त्यांच्या पसंतीला उतरावं लागतं. तारीख आम्ही कळवायची होती. मंडळाच्या खोलीत सगळे बसलो आणि एकमताने ठरलं की जत्रेनंतरचा रविवारच द्यायचा. त्याला बघू दे, सोलापूरचे लोक या मैदानासाठी काय करतात. मलाही ही कल्पना इतकी आवडली की मीच फोन लावला. तो आला. आम्ही त्याला टॉवेल, टोपी, नारळ दिला. ओळ निघाली, आणि कधी नव्हे इतके लोक आले, नव्या साड्या नेसून, लेकरांना कडेवर घेऊन. तो माणूस कडेला उभा. आपल्या गल्लीतल्या टॉवेलला शिलाई मारणाऱ्या मावशी तुम्हाला आठवतील. त्यांनी बादली त्याच्यासमोर नेऊन ठेवली. त्याने आत पाहून विचारलं, "एवढे खिळे निघतात?" मावशी अभिमानाने म्हणाल्या, "हे तर कायच न्हाय साहेब! औंदा जत्रा बारकी होती. येरवी दोन बादल्या भरत्यात की!" सगळे हसले. मीही हसले. तो हसला नाही. त्याने बादलीचा फोटो काढला.

त्या फोटोवर पुढचं सगळं घडलं. मैदान खेळाडूंसाठी धोक्याचं आहे, असं लीगने कंपनीला कळवलं, आणि कंपनीने पुण्याच्या पलीकडे नव्या वसाहतीतलं एक मैदान शोधलं. संघ तिकडे न्यायचा, नावातलं सोलापूर काढून टाकायचं. आमच्या ऑफिसचे साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "हे बघ, मलाही इथे राहायला आवडेल. लीग आणखी एकदा माणूस पाठवायला तयार आहे. या वेळी सगळं प्रोफेशनल दिसलं पाहिजे. आपण आधीच मजूर लावून मैदान साफ करून घेऊ. लोक नकोत. ओळ नको, बादली नको, मावशी तर अजिबात नकोत." मी म्हटलं, "सर, त्या लोकांचंच मैदान आहे ते." ते म्हणाले, "म्हणूनच तू सांग. माझं कोण ऐकणार?"

मला वाटलं होतं की निदान खेळाडू तरी माझ्या बाजूचे असतील. मावशींचा मुलगा आपला गोलरक्षक आहे. लहानपणी त्या ओळीत माझ्या शेजारी चालायचा. त्याला मी सरावानंतर गाठलं. तो पायरीवर बसून कोपरावरची सोललेली कातडी बर्फाने शेकत होता. मी म्हटलं, "तूच बोल ना साहेबांशी. तू पेठेतला आहेस, तुझं ऐकतील." त्याने बर्फ फडक्यात गुंडाळून परत कोपराला लावला. मग म्हणाला, "ताई, लोक लई माया करत्यात. पन मी उडी मायेवर मारत न्हाई, ह्या मातीवर मारतो. तिकडं गवत हाय. मी बगून आलोय." मी म्हटलं, "आणि आई?" तर हसून म्हणाला, "आईला सांगू नको बे. ती मलाच बादलीत घालील." मी हसले, मग त्याचं कोपर पाहिलं आणि परत फिरले. अप्पा, इतके दिवस मला वाटत होतं की एका बाजूला आपण आणि दुसऱ्या बाजूला कंपनी. आता त्याला कुठल्या बाजूला ठेवू? आपण सगळे वाकून चालायचो ते त्याच्या कोपरासाठीच ना?

मग मी घरोघर गेले. तुमच्या वेळची बरीच घरं आता बंद आहेत, माग भंगारात गेले आहेत, पोरं पुण्याला कामाला आहेत. जे आहेत त्यांना मी एकेक करून सांगितलं की या रविवारी मैदानावर येऊ नका. सुशिक्षित माणसासारखं नीट समजावलं, लीगचे नियम, सुरक्षितता, सगळं. ते ऐकून घेत होते आणि माझ्यावर विश्वास ठेवत होते, हेच जड जात होतं. एक म्हातारे आजोबा म्हणाले, "तू शिकलीस बाई, तुला जास्त कळतं." मावशींकडे मी शेवटी गेले. त्या मशीनवर टॉवेलच्या कडा मारत होत्या, चाकावरचा हात काढला नाही. माझं सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजे जत्रा गेली की खिळं काडायचं, आन साहेब येनार म्हनलं की मानसं काडायची. आमी काय खिळं हाय व्हय गं?"

"तसं नाही मावशी. संघ राहावा म्हणून."

"राहील?"

"राहू शकतो."

"तुज्या अप्पाला तू असं सांगितली असतीस?"

मी ढिगावरचा एक टॉवेल उगाच सरळ केला. अव्वा माझ्याबरोबर आली होती, ती मशीनखालचे धागे वेचू लागली. मावशींनी धागा दाताने तोडला, टॉवेल घडी करून ढिगावर ठेवला आणि म्हणाल्या, "बरं. न्हाय येत. पन एक सांग, एका वर्साचंच न्हवं?" मी म्हटलं, "हो मावशी, या एका वर्षापुरतंच." त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "मग आदी सांगायचं की, येडे! एका वर्साचं काय एवढं!" आणि मला बसवून शेंगाचटणी आणि भाकरी खायला घातली.

रविवारी कोणी आलं नाही. तुम्ही ते मैदान कधी तसं पाहिलं नसेल. मजुरांनी आदल्या दिवशीच सगळं उचलून नेलं होतं, रोलर फिरवला होता, चुन्याच्या रेषा पांढऱ्याफेक होत्या. मी, साहेब आणि तो निरीक्षक, तिघेच. त्याने मैदानाच्या मधून चालत जाऊन बुटाच्या टोकाने माती उकरून पाहिली. काही सापडलं नाही. मला वाटलं आता मोकळं वाटेल. कुंपणापलीकडे रस्त्यावर दोन-तीन बायका उभ्या होत्या, आत न येता, पदर डोक्यावर घेऊन, कुणाच्या घरचं कार्य लांबून बघावं तशा. निरीक्षक परत आला आणि साहेबांना म्हणाला, सुधारणा चांगली आहे, हे असंच राहिलं तर विचार करता येईल. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "गेल्या वर्षी इतके लोक होते. ते कुठे गेले? सामन्याला येतात ना?" साहेब पटकन म्हणाले, "येतात, येतात. स्टेडियम भरतं." मी तुमचा आवाज आठवायचा प्रयत्न केला, 'निधान'. आठवला नाही. शब्द आठवतो, आवाज येत नाही.

अजून निकाल आलेला नाही. संघ राहील की जाईल, या आठवड्यात कळेल म्हणतात. पेठेत सगळे मला भेटून धीर देतात, मावशी तर म्हणतात की पुढच्या वर्षी डबल लोक आणू, राहिलेला पट्टा व्याजासकट चालू. मी मान हलवते. रोज संध्याकाळी घरी आले की अव्वा विचारते, "काय झालं?" आणि मी म्हणते, "काही नाही, ऊट करू." ती ताट वाढते. आपल्याकडे असं सगळ्या प्रश्नांवर जेवण वाढतात. बरं वाटतं, आणि बोलायचं राहून जातं.

तुम्हाला हे लिहिते आहे, कारण कोणाला तरी सांगायला हवं. एका वर्षापुरतं असं साहेब कधीच म्हणाले नव्हते. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की संघ इथे राहिला, तर ती ओळ परत कधीही निघणार नाही. लीगची तीच अट आहे. मी तेव्हा हो म्हटलं होतं, आणि मगच घरोघर गेले. मावशींनी विचारलं तेव्हा मला ते माहीत होतं. आता मी देवापुढे संघ राहावा असंही म्हणू शकत नाही आणि जावा असंही नाही. गेला तर निदान मैदान आपल्याला परत मिळेल, असं कधी कधी मनात येतं आणि लाज वाटते.

मावशींनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेवढं देते. हो अप्पा, सांगितलं असतं. तुमच्या दारात उभी राहून, याच आवाजात, तुम्हालाही 'या एका वर्षापुरतंच' असं सांगितलं असतं.